‘व्यवहार’ : एका शब्दाची उलटतपासणी

मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा एक शब्द आहे : व्यवहार. तो दुकानात येतो, कोर्टात येतो, लग्नाच्या बैठकीत येतो, शाळेतल्या गणिताच्या पुस्तकात येतो आणि गावकीच्या बैठकीतही येतो. इतक्या ठिकाणी वावरणारा शब्द निरुपद्रवी वाटतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके व्यवहाराच्या बाहेर ठेवले गेले, त्या समाजातल्या माणसाने हा शब्द हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला पाहिजे, असे मला वाटते.

मी सावर्डे येथे शिकवतो. चिपळूण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. आसपासच्या वाड्यांतली माणसे खतासाठी, औषधांसाठी, मासळीसाठी, सिमेंटच्या गोणीसाठी इथे येतात. अशा ठिकाणी हा शब्द ऐकण्यासाठी मुद्दाम कान द्यावा लागत नाही. त्याचे जे अर्थ मला दिसले आणि त्या अर्थांच्या पोटात जे दडलेले आढळले, ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांपुढे ठेवतो.

प्रथम रोजचे अर्थ पाहू. ‘व्यवहार ठरला’, ‘व्यवहार फिसकटला’, ‘रोखीचा व्यवहार’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो खरेदी-विक्रीचा शब्द असतो. ‘व्यापार’ या शब्दाहून तो वेगळा आहे. व्यापार हा काही जणांचा धंदा असतो. व्यवहार ही दोन माणसांमधली एक कृती असते. व्यापार न करता आयुष्य जाते, व्यवहार न करता एक दिवस जात नाही. दुसरा अर्थ शहाणपणाचा. ‘त्याला व्यवहार कळत नाही’ म्हणजे त्याला जगाची रीत कळत नाही. तिसरा अर्थ संबंधाचा. ‘आमचा त्यांच्याशी व्यवहार नाही’ असे कोणी सांगितले, तर उधारी-उसनवारीपासून सुखदुःखाला जाण्यापर्यंत सारे बंद आहे असे समजावे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे याच अर्थाचे. चौथा अर्थ कायद्याचा, तो आता बोलण्यातून गेला आहे. शिवाय पत्रव्यवहार आहे, गैरव्यवहार आहे, आणि शाळेतला व्यवहारी अपूर्णांक आहे.

या सर्व अर्थांच्या मुळाशी एक गोष्ट समान आहे. व्यवहार एकट्याचा होत नाही. त्याला दोन बाजू लागतात, आणि त्या दोन्ही बाजूंना किमान दोन गोष्टी करता आल्या पाहिजेत : भाव विचारता आला पाहिजे आणि ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. यांपैकी एक जरी गोष्ट एका बाजूला नाकारली, तर उरते त्याला दुसरी नावे आहेत. वेठ, भीक, दान, खंडणी, लूट. वस्तू या हातातून त्या हातात गेली एवढ्यावरून व्यवहार झाला असे म्हणता येत नाही. ही कसोटी आपण पुढे वापरणार आहोत.

आता शब्दाचा इतिहास. संस्कृत धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ म्हणजे मुख्यतः दावा, खटला, न्यायालयीन वाद. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन भाग आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूख’ लिहिला, आणि पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू कायद्यासाठी या ग्रंथाचा आधार घेत राहिली. देवघेव करणाऱ्यांत तंटा होतो, तंटा सोडवायला राजा लागतो, असा तो अर्थविस्तार आहे. म्हणजे व्यवहार करणारा माणूस हा राजाच्या दारात उभा राहू शकणारा, दाद मागू शकणारा माणूस होता.

मग ज्याला दाद मागायची नाही त्याचे काय? याचे उत्तर मनुस्मृतीने याच शब्दात दिले आहे. दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, फुटकी भांडी वापरावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, असे नियम सांगितले आहेत. त्याच ओघात त्रेपन्नाव्या श्लोकात असे बजावले आहे की धर्माने वागणाऱ्याने यांच्याशी संबंध ठेवू नये. यांचा व्यवहार आपापसात व्हावा आणि विवाह आपल्यासारख्यांशीच. पुढच्या श्लोकात त्यांना अन्न कसे द्यावे तेही आहे : दुसऱ्याच्या हातून, फुटक्या भांड्यात. श्लोकांचा क्रम पाहा. आधी व्यवहार बंद केला, मग अन्न ‘दिले’. बरोबरीने देवघेव करण्याचा हक्क काढून घेतला की माणसाला जे मिळते ते दान होते, आणि दानाचा भाव करता येत नाही. रोटी, बेटी आणि बाजार ही तिन्ही दारे तिथे दोन श्लोकांत लावून घेतली आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले ते एखाद्या जुन्या पोथीवरच्या रागापोटी झाले असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे दोन श्लोक आपल्या गावच्या रीतीशी ताडून पाहावेत.

हाच शब्द पालीत ‘वोहार’ होऊन येतो. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण वाद घालत बुद्धाकडे येतात : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? बुद्ध त्यांना गवत, झाडे, किडे, पक्षी, जनावरे यांची उदाहरणे देतात. त्यांच्यात जातीजातीची लक्षणे शरीरावर दिसतात. माणसांत तशी दिसत नाहीत. माणसांत जी नावे आहेत ती कामावरून पडलेली. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो कारागिरीवर जगतो तो कारागीर, आणि जो वोहारावर जगतो तो व्यापारी, ब्राह्मण नव्हे. इथे व्यवहार हे माणूस ओळखण्याचे खुले साधन झाले आहे. जो करील तो तो होईल. मनूने याच शब्दाला कुंपण घातले, बुद्धाने ते कुंपण जुमानले नाही. त्याचबरोबर बुद्धाने वाटेल त्या व्यापाराला मोकळीक दिली नाही. उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. पाली अट्ठकथाकारांनी यातल्या प्राण्यांच्या व्यापाराचा अर्थ माणसांची विक्री असा लावला आहे. म्हणजे विकणारा कोण असावा याला बंधन नाही. काय विकू नये याला आहे.

पोथीतून गावात येऊ. कोकणात पैसा कमी आणि भात हेच चलन, अशी स्थिती फार जुनी नाही. खाडीकडच्या बाया सुक्या मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर यायच्या आणि भातावर मासळी घालायच्या, हे म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्या देवघेवीत एक पैसा नव्हता. पण घासाघीस होती, मापाला हात लावून ‘हे कमी आहे’ म्हणणे होते, आणि पाटी उचलून पुढच्या दाराला जाणेही होते. तो व्यवहार होता.

आता खोताकडे पाहा. खोताचे कागद होते, मापे होती, अर्धेल-तिर्धेल असे ठरलेले हिस्से होते. भाताच्या पिकाचा निम्मा वाटा उचलला जात होता. बाहेरून पाहणाऱ्याला हा जमीन आणि धान्य यांचा व्यवहार वाटेल. पण कुळाला भाव विचारता येत नव्हता आणि ‘नाही’ म्हणता येत नव्हते, कारण ‘नाही’ म्हटल्यावर पायाखालची जमीन जात होती. आपल्या कसोटीला तो उतरत नाही. एप्रिल १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चिपळूणला परिषदेसाठी आले तेव्हा ते खोतीविरुद्ध बोलले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला, आणि कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या अधिनियमाने.

बलुत्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बलुते म्हणजे गावगाड्यातली सेवांची देवाणघेवाण, असे समाजशास्त्राच्या पुस्तकांत आपण शिकवतो. सुताराने औत द्यावे, शेतकऱ्याने धान्य द्यावे. चित्र मोठे गोड आहे. परंतु महाराने सांगावा घेऊन किती कोस जावे, मेलेले ढोर केव्हा ओढावे, सरकारी माणसाच्या पुढे किती धावावे, याचे माप कोणी लिहून ठेवले होते? कामाला माप नाही आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, अशा स्थितीला देवाणघेवाण म्हणणे हा भाषेचा गैरव्यवहार आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे विधेयक आणले. त्यात मागणी होती ती काम ठरवून देण्याची आणि त्याचा मोबदला निश्चित करण्याची. वेठीला व्यवहार करा, अशी ती मागणी होती. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

इथे कोणी म्हणेल की पैसा आला आणि हे सारे संपले. पैशाला जात नसते. यात काही तथ्य आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले अनेक महार पूर्वी पलटणीत गेले, रोख पगार आणि पेन्शन घेऊन परतले, आणि दापोलीसारख्या ठिकाणी त्यांची वस्ती झाली. गोपाळबाबा वलंगकर असेच पलटणीतून पेन्शनीत निघालेले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. ज्याची भाकरी गावाच्या मर्जीवर नाही, त्याला विटाळाविषयी शास्त्र्यांना जाहीर प्रश्न विचारता येतात. पुढे मुंबईच्या गिरणीचा पगार आणि दर महिन्याची मनीऑर्डर यांनी वाड्यावाड्यांत हेच काम केले.

पण पैशाला जात नसली तरी पैसा देणाऱ्या हाताला ती चिकटवलेली होती. दुकानाच्या पायरीखाली उभे राहायचे, नाणे जमिनीवर ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडून दुकानदार ते उचलणार, आणि माल वरून पदरात टाकणार : हे आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले आहे, आणि तुमच्याही वाडीत कोणी ना कोणी सांगेल. भाव सर्वांना सारखा. पण जागा वेगळी. गिरणीतही तेच. कापड खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद. आणि खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देणारी कंपनी काढली होती. सल्लागार महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. अर्थशास्त्रातली कोलंबियाची विद्या, मुंबईसारखे व्यापारी शहर, रोख पैसा. तरीही व्यवहार होऊ शकला नाही.

व्यवहार नाकारणे हे हत्यारही आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब एक सभासद होते. १९३० च्या अहवालात या समितीने सांगितले की अस्पृश्य आपले हक्क बजावू लागले की गाव सामाजिक बहिष्काराचे अस्त्र काढते : मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. मारहाणीला साक्षीदार तरी असतो. ‘मला विकायचे नाही’ या तीन शब्दांना साक्षीदार काय करणार?

म्हणूनच घटना घडवताना ‘दुकान’ या साध्या शब्दाचीही चर्चा करावी लागली. दुकानात प्रवेशाचा हक्क देणारे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चेला आले. या शब्दात कायकाय येते असे विचारल्यावर बाबासाहेबांनी खुलासा केला की तो व्यापक अर्थाने घ्यायचा आहे. मोबदला घेऊन जो कोणी सेवा देऊ करतो त्या सर्वांना तो लागू होतो, मग तो धोबी असो की न्हावी. ते आज घटनेचे अनुच्छेद १५(२) आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, पुढचे पाऊल टाकले. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर माल विकला जातो, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर तो विकण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे हा गुन्हा ठरला. पायरीखालचे नाणे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते, हे त्या शब्दयोजनेवरून दिसते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र अपराध झाला. आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. कोकणात वाळीत टाकण्याची प्रकरणे एकामागून एक उजेडात येत होती, हे त्या कायद्यामागचे एक कारण.

इतके कायदे झाल्यावर प्रश्न सुटला काय? मला वाटते, अर्धा सुटला. हे सारे कायदे मुख्यतः घेणाऱ्याला संरक्षण देतात. आज सावर्ड्याच्या कोणत्याही दुकानात आपण पैसे टाकून वस्तू घेऊ शकतो. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला आता सगळे ओळखतात. पण विकणारा म्हणून?

आमच्या भागात मी पाहिले आहे की बौद्धवाडीतला तरुण रिक्षा घेतो, टेंपो घेतो, वायरिंगची कामे घेतो, आणि ती चालतात. त्याच तरुणाने महामार्गावर चहाची टपरी टाकली, तर परगावच्या प्रवाशांवर ती चालते. गावातले पाय तिथे कमी वळतात. त्याच्या आईने घरचे दूध विकायला काढले, तर ‘आमचा रतीब आहे’ असे गोड उत्तर मिळते. भांडण नाही, शिवी नाही, कोणाचा गुन्हा नाही. कायदा माझ्याकडून वस्तू घ्यायला कोणाला भाग पाडू शकत नाही, आणि पाडूही नये. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आपण वर दोन्ही बाजूंना दिलाच आहे. परंतु शेकडो माणसांचे ‘नाही’ एकाच जातीच्या दारापाशी, आणि तेही नेमके तोंडात जाणाऱ्या वस्तूंबाबत जमा होत असेल, तर तो प्रत्येकाचा स्वतंत्र निर्णय आहे असे म्हणणे कठीण आहे. रोटीव्यवहाराची जुनी बंदी बाजारात वेषांतर करून आली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण पतीची. धंदा भांडवलावर उभा राहतो असे म्हणतात. प्रत्यक्षात तो उधारीवर उभा राहतो. घाऊक व्यापारी महिनाभर माल उधार देतो तो ओळखीवर, आणि ओळख नात्यातून, जातीतून चालत येते. आपल्या तरुणाला पहिला माल रोखीने उचलावा लागतो आणि पहिले गिऱ्हाईक मात्र उधारी मागते. त्यात आपले लोकही मागे नाहीत, हे स्पष्ट बोलले पाहिजे. मोठ्या दुकानात रोख मोजायचे आणि आपल्या माणसाच्या दुकानात वही काढायला लावायची, ही रीत आपल्यात आहे. आपला माणूस म्हणून त्याच्याकडे उधारी करणे हे प्रेम नव्हे. त्याचा भाव त्याला रोख देणे हाच त्याच्याशी खरा व्यवहार.

आणखी एक दार आपल्याच घरात आहे. लग्नाच्या बैठकीत ‘देण्याघेण्याचे ठरले का?’ असे विचारले जाते. बेटीव्यवहार हा शब्द नीट पाहा. त्यात व्यवहार करणारी दोन घरे आहेत आणि ज्याची देवघेव होते ती बेटी आहे. तिला भाव विचारता येत नाही, बहुतेक वेळा ‘नाही’ही म्हणता येत नाही. जी कसोटी आपण खोताला लावली, तीच इथे लावली पाहिजे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, तो दोन माणसांच्या इच्छेवर उभा असलेला विवाह होता. पोटजात पाहून, हुंडा ठरवून, मंगल परिणयाची पत्रिका छापणे म्हणजे मनूच्या त्रेपन्नाव्या श्लोकाला खालून सही करणे आहे.

शेवटी शहाणपणाच्या अर्थाविषयी. ‘तत्त्व म्हणून ठीक आहे, पण व्यवहारात चालत नाही’ हे वाक्य आपण सभांतून, शाळांतून, पक्षांच्या बैठकांतून ऐकतो. या वाक्याला मोठी परंपरा आहे. परमार्थात सर्व एक, व्यवहारात मात्र ज्याचे त्याचे स्थान वेगळे, अशी सोय अद्वैताच्या नावाने केली गेली. सर्वांत एकच ब्रह्म आहे म्हणणारा माणूस पाण्याला हात लावू देत नव्हता, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. बौद्ध परंपरेत नागार्जुनाने उलट बाजूने पाहिले : व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगताच येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीचा जो इशारा दिला, तो याच जागेवर बोट ठेवणारा होता. मताचे मूल्य सारखे. माणसाचे मूल्य वेगळे.

म्हणून एक काम सुचवतो. शिक्षकांनी शाब्दिक उदाहरणे घालताना दूध विकणारा, दुकान चालवणारा, व्याजाने पैसे देणारा यांची नावे काय येतात आणि मजुरी करणाऱ्याचे नाव काय येते, ते वर्गात मुलांकडूनच तपासून घ्यावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाची एक साधी यादी करावी : बाजारपेठेत दुकाने किती, त्यांत आपल्या वस्तीतल्यांची किती, त्यांत खाण्यापिण्याची किती, त्यांना घाऊक माल उधार मिळतो का, त्यांच्याकडे गिऱ्हाईक कोणत्या वाडीतून येते. कार्यकर्त्यांनी त्या याद्या एकत्र कराव्यात आणि बचत गट, सहकारी संस्था, बँकेचे कर्ज यांच्या मागण्या त्या आकड्यांवर उभ्या कराव्यात. अत्याचाराची नोंद पोलीस ठाण्यात होते, निदान ती व्हावी म्हणून भांडता तरी येते. न झालेल्या व्यवहाराची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. ती आपल्यालाच ठेवावी लागेल. सावर्ड्याची यादी करायला माझ्या काही विद्यार्थ्यांनी सुरुवात केली आहे.